संगणकाचा ऑसिलोस्कोप: दिसणे आणि मोजणे



विजेचा दाब क्षणाक्षणाला कसा बदलतो याचे चित्र दाखविणारे उपकरण म्हणजे ऑसिलोस्कोप. १८९७ साली जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी कॅथोड किरण नळीवर असे चित्र दाखविले. चांगले यंत्र महाग पडते, म्हणून संगणकाच्या साउंड कार्डाचाच उपयोग करावा असे अनेकांना वाटते. सॉफ्टवेअर फुकट मिळते, पडद्यावर रेषाही लगेच उमटते. खऱ्या अडचणी त्यानंतर सुरू होतात.

पहिली अडचण सुरक्षेची. कार्डाची ‘लाइन-इन’ खाच साधारण १ व्होल्टसाठी असते आणि घरातील प्लगमध्ये २३० व्होल्ट असतात. ती तार संगणकाला कधीही थेट जोडू नये, जिवावर बेतेल. ५० हर्ट्झची लहर पाहायची असल्यास ६ व्होल्टचा बंदिस्त ट्रान्सफॉर्मर घ्यावा. त्याच्या लहरीचे शिखर सुमारे ८.५ व्होल्ट असते. २२० आणि १० किलोओमचे रोध एकापुढे एक जोडून लहान रोधावरचा दाब घेतला, की तेविसावा हिस्सा, म्हणजे सुमारे ०.३७ व्होल्ट मिळतो. हे काम मोठ्यांच्या देखत करावे.

दुसरी अडचण: कार्डाच्या तोंडाशी कपॅसिटर असतो. तो स्थिर दाब अडवतो. टॉर्चचा सेल जोडला तर रेषा एकदा उसळून शून्यावर येते. सेल मात्र चांगलाच असतो!

तिसरी अडचण वेगाची. कार्ड सेकंदाला ४४,१०० नोंदी घेत असेल, तर २२,०५० हर्ट्झच्या वरचे काही खरे दिसत नाही. रेडिओच्या लहरींना हे अपुरे, पण नादाला पुरेसे. पं. कुमार गंधर्व १९४८ पासून आपल्या देवासला राहिले. येथील घरांना तंबोरा नवा नाही. माइकसमोर आधी नादकाटा आणि मग तंबोरा वाजवून पाहा. पहिल्याची लहर गुळगुळीत, दुसऱ्याची जवारीमुळे दातेरी दिसेल.

चौथी अडचण सर्वांत महत्त्वाची. ध्वनीची पट्टी सरकवली की लहर लहान-मोठी होते, मग व्होल्ट किती? यासाठी मल्टिमीटरने मोजलेला दाब देऊन पडद्यावर खुणा कराव्यात आणि नंतर पट्टी हलवू नये.

पालक आणि विश्वस्तांना सांगावेसे वाटते की नवी दिल्लीच्या आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्राने शिक्षणासाठी ‘एक्सपआइज’ हे उपकरण विकसित केले आहे. ते स्थिर दाबही मोजते. प्रयोगशाळेत ते असावे असे आम्हांस वाटते. तोवर साउंड कार्डावर हात बसवावा. मात्र खुणा केल्याशिवाय वहीत व्होल्टचा आकडा लिहू नये.