आत काय चिकटवलंय, ते आधी विचारा

टचपॅड क्लिक होत नाही म्हणून लोक लॅपटॉप घेऊन येतात. बहुतेक वेळा टचपॅडला काहीच झालेलं नसतं. त्याखालची बॅटरी फुगलेली असते आणि तिने तो खालून वर रेटलेला असतो. मशीन टेबलावर डुगडुगतं, झाकण नीट मिटत नाही, तरी माणूस ते महिनोन् महिने वापरत असतो, कारण चालू तर होतंय. नाशिकला माझं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. अशी बॅटरी समोर आली की मी आधी बाकीची कामं बाजूला ठेवतो आणि वाळूची बादली जवळ ओढतो.

पूर्वी लॅपटॉप पालथा करून दोन खटके सरकवले की बॅटरी हातात यायची. आता तळाचे बारीक स्क्रू काढायचे, बॅटरीचा कनेक्टर सगळ्यात आधी सोडवायचा, मग ज्या गोंदाने ती चिकटवलेली असते त्याच्या कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोल थेंबाथेंबाने सोडायचं. गोंद सैल पडेपर्यंत थांबायचं. मग प्लास्टिकची पातळ पट्टी आत घालून हळूहळू पुढे सरकायचं. धातूचं हत्यार लावायचं नाही. त्या चकचकीत पिशवीत इलेक्ट्रोलाइट कुजून तयार झालेला वायू असतो. टोचली गेली तर पेट घेऊ शकते. हे काम घरी, व्हिडिओ बघून कुणीही करू नये, हे मी गिऱ्हाइकाला हात जोडून सांगतो.

बॅटरी आत कोंबणाऱ्यांनी हे उगाच केलेलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. जानेवारी 2008 मध्ये स्टीव्ह जॉब्सने कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला, तेव्हापासून बारीक लॅपटॉपचं वेड सुरू झालं. पण त्यामागे हिशेबही होता. काढता येणाऱ्या बॅटरीला तिचं स्वतःचं कडक कवच लागतं, खटके लागतात, तिच्यासाठी डब्यात खोबण लागते. एवढी जागा वाचली की तिथे जास्त क्षमतेची बॅटरी बसते. 2009 साली 17 इंची मॅकबुक प्रो याच युक्तीने आठ तासांचा दावा करत बाजारात आला. त्या काळी बहुतेकांचा लॅपटॉप तीन तासांत चार्जर शोधायचा. म्हणून बॅटरी आत गेली, याबद्दल माझी तक्रार नाही. स्क्रूने बसवली असेल तर ती मी चहा येईपर्यंत बदलून देतो. तक्रार आहे ती गोंदाबद्दल, आणि त्याहून जास्त पुढच्या पायरीबद्दल.

एका पावसाळ्यात देवरायांवर संशोधन करणाऱ्या एक मॅडम आल्या. लॅपटॉपवर पाण्याचा तांब्या कलंडला होता. मशीन देखणं होतं, हातात घेतलं तर वहीएवढं हलकं. त्या म्हणाल्या, ‘दादा, लॅपटॉप गेला तरी चालेल, आतलं तेवढं काढून द्या.’ उघडलं तर एसएसडी वेगळी नव्हतीच. स्टोरेजच्या चिप मदरबोर्डवरच सोल्डर केलेल्या होत्या, आणि त्यातला सगळा डेटा त्याच बोर्डावरच्या सुरक्षा चिपच्या किल्लीने कुलूपबंद होता. अशा वेळी चिप उचलून दुसरीकडे लावली तरी काही वाचता येत नाही. तोच बोर्ड, त्याच प्रोसेसरसकट, जिवंत व्हावा लागतो. मायक्रोस्कोपखाली वीजपुरवठ्याच्या भागात हिरवट पांढरा गंज दिसत होता. तो साफ केला, दोन आयसी बदलल्या. पण जास्तीचं व्होल्टेज थेट प्रोसेसरकडे गेलं होतं. बोर्ड मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या ओळखीच्या माणसाकडेही पाठवून पाहिला. तो उठला नाही. गावोगावच्या नोंदी, पुजाऱ्यांशी केलेल्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण, फोटो, बहुतेक सगळं गेलं. मॅडम खुर्चीवर बसून राहिल्या आणि माझ्याकडे त्यांना सांगण्यासारखं काही नव्हतं.

त्याच पावसाळ्यात एका कर सल्लागाराचा जाडजूड जुना लॅपटॉप आला. त्यावर आख्खा कप चहा सांडला होता आणि बोर्ड खरोखरच मेला होता. आतली एम डॉट टू एसएसडी एका स्क्रूवर बसवलेली होती. ती काढली, पुसली, केसमध्ये घातली, दुसऱ्या संगणकाला जोडली. दुपारपर्यंत त्यांच्या अशिलांच्या सगळ्या फाइल परत त्यांच्या हातात होत्या.

दोन्ही मशीन बनवणाऱ्यांनी काहीतरी दिलं आणि त्याबदल्यात काहीतरी घेतलं. फरक असा की पहिल्या मशीनचा फायदा दुकानातल्या काचेआडून दिसत होता आणि त्याची किंमत कुठेच लिहिलेली नव्हती. म्हणून मी आता विकत घेणाऱ्याला सांगतो की फोन, टॅबलेट आणि लॅपटॉप यांना एकाच मापाने मोजू नका.

फोनमधला गोंद मला मान्य आहे. फोन खिशात भिजतो, बेसिनमध्ये पडतो, दुचाकीवर धुळीत फिरतो. फोन बंदिस्त व्हायला लागल्यापासून पाणी जाऊन मेलेले फोन माझ्या टेबलावर खरोखर कमी येतात. दोन्ही गोष्टी एकत्र जमत नाहीत असंही नाही. 2014 चा सॅमसंग गॅलॅक्सी एस 5 पाण्यात टिकायचा आणि त्याची पाठ नखाने उघडून बॅटरीही काढता यायची. पण त्यासाठी चार्जिंगच्या तोंडावर एक झडप होती, ती रोज उघडून रोज नीट दाबून बसवावी लागे. पुढच्याच वर्षीच्या एस 6 मध्ये काचेची बंद पाठ आली, बॅटरी आत गेली, मेमरी कार्डही गेलं, आणि पाण्यापासूनचं ते संरक्षणही त्या वर्षी नव्हतं. ते परत यायला एस 7 उजाडावा लागला. म्हणजे पाण्याचं कारण दाखवून जे जे बंद केलं जातं, ते सगळंच पाण्यासाठी नसतं.

पाणी आणि धुळीपासून संरक्षणाचा आयपी 68 हा दर्जा लिहिलेल्या फोनबद्दलही दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्या दर्जाची चाचणी नव्याकोऱ्या फोनची, स्थिर आणि गोड्या पाण्यात होते. समुद्राचं खारं पाणी, साबण, न्हाणीघरातली वाफ यांची हमी त्यात नाही, आणि बहुतेक कंपन्या पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत. दुसरं म्हणजे, एकदा डिस्प्ले किंवा बॅटरी बदलायला फोन उघडला की जुनी सील गेली. नवी चिकटपट्टी लावायला दुरुस्ती करणाऱ्याला आवर्जून सांगा, आणि त्यानंतर फोन मुद्दाम भिजवू नका.

टॅबलेट हा तिन्हींत सगळ्यात वाईट सौदा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. तो फारसा भिजत नाही, खिशात जात नाही, तरी फोनसारखाच गोंदाने बंद केलेला असतो. बॅटरी बदलायची तर आधी एवढी मोठी पातळ काच गरम करून उचलावी लागते आणि ती कधी तडकेल याचा नेम नसतो. त्या भीतीपायी काही दुकानदार ते काम घेतच नाहीत. मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेले आणि नंतर कपाटात पडून राहिलेले टॅबलेट बॅटरी पूर्ण उतरून मरतात. वापरत नसाल तर निम्म्याच्या आसपास चार्ज करून बंद करा, अधूनमधून काढून बघा. आणि टॅबलेटवर तुमची एकमेव प्रत असलेली कुठलीही गोष्ट ठेवू नका.

लॅपटॉपला मात्र मी सवलत देत नाही. त्यात जागा असते. रॅम सोल्डर करण्यामागे खरं तांत्रिक कारण आहे. एलपीडीडीआर जातीची रॅम कमी वीज खाते, पण तिला प्रोसेसरच्या अगदी जवळ, आखूड वाटांनी जोडावं लागतं. नेहमीच्या स्लॉटमध्ये ती बसत नाही. आता तिच्यासाठी स्क्रूने बसणारा नवा साचा निघाला आहे, पण तो मोजक्याच मशीनमध्ये सापडतो. तेव्हा सोल्डर केलेली रॅम असेल तर नाइलाजाने घ्या, पण आज लागते त्याच्या दुप्पट घ्या, कारण पुढे वाढवता येणार नाही. एसएसडीच्या बाबतीत असं कारण मला पटलेलं नाही. एम डॉट टूची पट्टी च्युइंगमच्या कांडीएवढी असते, आणि अतिशय बारीक लॅपटॉपमध्येही ती बसलेली मी रोज पाहतो. ज्या मशीनमध्ये तुम्ही वर्षानुवर्षांचं काम साठवणार, त्याचं स्टोरेज बोर्डाला डकवलेलं नसावं, यावर अडून बसा.

विकणारा मुलगा बहुधा हे सांगू शकणार नाही, तेव्हा माहितीपत्रक स्वतः वाचा. रॅमपुढे ‘ऑनबोर्ड’ किंवा एलपीडीडीआर असेल तर ती सहसा सोल्डर केलेली आहे. ‘सो-डिम’ असेल तर स्लॉट आहे. स्टोरेजपुढे एम डॉट टू असेल तर ते निघतं. डेल, लेनोव्हो, एचपी यांच्या ऑफिससाठीच्या मॉडेलांची सर्व्हिस मॅन्युअल खुली असतात. त्यात बॅटरी काढायचं पान उघडून चित्रं पाहा. स्क्रू दाखवलेत की गोंद, ते लगेच कळतं. चार्जिंगचं पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डावर आहे का, तेही पाहा. सगळ्यात जास्त झिजणारी ती जागा. वेगळी असली तर थोडक्यात भागतं, मदरबोर्डवर असली तर तिच्यापायी आख्खा बोर्ड हीट गनखाली जातो.

आणखी एक गोष्ट हल्ली फार छळते. नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह पुष्कळदा आपोआप कुलूपबंद होते. बोर्ड बदलला किंवा एसएसडी दुसऱ्या मशीनला लावली की ती 48 अंकी रिकव्हरी की मागते. ती सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. खातं कोणत्या ईमेलवर काढलं हेच आठवत नसेल, तर निघणारी एसएसडी असूनही उपयोग नाही. आजच ती की शोधा, कागदावर उतरवा, घरच्या कागदपत्रांत ठेवा.

बॅटरी फुगू नये म्हणून, दिवसभर चार्जर लावून काम करणाऱ्यांनी चार्जची मर्यादा 80 टक्क्यांवर ठेवावी. बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये आणि कित्येक फोनमध्ये ही सोय असते. पूर्ण चार्ज आणि उष्णता ही जोडी लिथियमच्या बॅटरीला सगळ्यात लवकर म्हातारी करते. गादीवर लॅपटॉप ठेवून सिनेमे बघणाऱ्यांच्या बॅटऱ्या माझ्याकडे आधी येतात.

गिऱ्हाईक म्हणून आपण बोलून काय होणार, असं मला पुष्कळ जण विचारतात. होतं. ॲपलने 2015 मध्ये अतिशय उथळ बटणांचा कीबोर्ड आणला. धुळीच्या कणाने बटणं अडकू लागली, लोकांनी आरडाओरडा केला, कोर्टात गेले. 2018 मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना काढावी लागली आणि 2019 च्या शेवटी जुन्या पद्धतीची बटणं परत आली. 2021 चा 16 इंची मॅकबुक प्रो तर चक्क आधीपेक्षा जाड निघाला, आणि त्यात काढून टाकलेलं एचडीएमआय व कार्डाचा स्लॉट दोन्ही परत होते. युरोपात फेब्रुवारी 2027 पासून वापरणाऱ्याला बॅटरी स्वतः बदलता यावी असा कायदा लागू होतोय, काही अपवाद सोडून. फ्रान्सने 2021 मध्ये फोन आणि लॅपटॉपसोबत दुरुस्तीसुलभतेचे गुण दाखवणं सक्तीचं केलं. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं. असे गुण दाखवण्याची सक्ती इथेही व्हायला हवी. तोवर दुकानात उभं राहून ‘हे उघडतं का?’ हा प्रश्न प्रत्येकाने विचारला, तर निदान विकणाऱ्यांना तो वरपर्यंत पोचवावा लागेल.

आणि लॅपटॉपवर पाणी सांडलंच, तर जुन्या आणि नव्या मशीनमधला एक फरक ध्यानात असू द्या. पूर्वी बॅटरी खेचून काढली की बोर्डाची वीज तिथेच तुटायची. आता बंद केलेल्या मशीनमध्येही आतली बॅटरी बोर्डाला जोडलेली राहते, आणि ओल्या बोर्डात वीज खेळत असली की गंज तासांत पसरतो. तांदळात ठेवून त्यावर काही होत नाही. चार्जर ताबडतोब काढा, पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद करा, पालथं करा, आणि ‘चालू होतंय का बघू’ म्हणून पुन्हा एकदाही दाबू नका. त्याच दिवशी ते कुणाकडून तरी उघडून घ्या आणि सांगा, सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढ, बाकीचं नंतर बोलू.