वेगळ्या दिसणाऱ्या मुलांची चित्रपुस्तकं: कोणती घ्यावीत, किती पैसे पडतात

चुस्कित लडाखमधल्या एका खेड्यात राहते. तिला चालता येत नाही. चाकाची खुर्ची मिळाली आहे, पण घरापासून शाळेपर्यंतची वाट खडकाळ, मध्ये ओढा. खुर्ची तिथे जाऊच शकत नाही, म्हणून चुस्कित घरीच. शेवटी शाळेतली मुलं मिळून ती वाट सपाट करतात, ओढ्यावर छोटासा पूल बांधतात आणि चुस्कित शाळेत जाते. सुजाता पद्मनाभन यांची ही गोष्ट प्रथम बुक्सने काढली आहे. गोष्टीत चुस्कितचे पाय बरे होत नाहीत, कुणी देवाला नवस बोलत नाही. दुरुस्त होते ती वाट. आणि ही गोष्ट स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येते.

खर्चाविषयी लिहिताना सुरुवात या पुस्तकापासून केली, कारण अशी पुस्तकं परदेशी आणि महागच असतात अशी पुष्कळ पालकांची समजूत आहे. समाजमाध्यमांवर दिसतात ती अमेरिकेतली जाड पुठ्ठ्याची, दीड-दोन हजारांची पुस्तकं. ती सुंदर आहेत यात शंका नाही. पण ज्या घरात महिन्याला दोनशे रुपयेच पुस्तकांसाठी निघतात, त्या घरातल्या मुलालाही आपल्यासारखा रंग, आपल्यासारखे डोळे, आपल्यासारखी काठी किंवा खुर्ची पुस्तकात दिसली पाहिजे. ते दोनशे रुपयांत नक्की जमतं. पुढे दिलेल्या किमती साधारण अंदाजाच्या आहेत. अखेरचा शब्द पुस्तकाच्या मागच्या पानावर छापलेल्या किमतीचा.

फुकट ते शंभर रुपये

स्टोरीवीव्हर प्रथम बुक्सनेच २०१५ मध्ये सुरू केलं. तिथल्या गोष्टी मुक्त परवान्याखाली आहेत, म्हणजे लेखक-चित्रकाराचं नाव ठेवून त्या उतरवून घ्याव्यात, छापाव्यात, वर्गात वाटाव्यात, अगदी भाषांतरही करावं. मराठी गोष्टी भरपूर आहेत आणि वाचनाच्या पातळीप्रमाणे निवडता येतात. मालवणी किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलांच्या शिक्षकांनी या परवान्याचा फायदा जरूर घ्यावा. दुसरं ठिकाण एशिया फाउंडेशनचं ‘लेट्स रीड’. नेपाळ, कंबोडिया, लाओस, इंडोनेशिया अशा देशांत तिथल्याच लेखक-चित्रकारांनी केलेली पुस्तकं तिथे विनामूल्य आहेत. आशिया म्हणजे चीन आणि जपान एवढंच नाही, हे मुलांना दाखवायला याहून स्वस्त मार्ग नाही.

फुकटातही एक हिशेब मात्र करावा. रंगीत प्रिंटचा दर बहुतेक ठिकाणी पानाला दहा रुपयांच्या आसपास असतो. वीस पानांच्या गोष्टीचे दोनशे, वर स्पायरल बाइंडिंगचे तीस-चाळीस. प्रथम बुक्सचं छापील पुस्तक मात्र साधारण पन्नास ते ऐंशी रुपयांत मिळतं, तेही चांगल्या कागदावर. तेव्हा जे पुस्तक छापील मिळतं ते विकतच घ्या. प्रिंट काढायची ती फक्त पडद्यावरच असलेल्या गोष्टीची, आणि तीही एका कागदावर दोन पानं बसवून.

याच किमतीत नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं येतात. त्यांची चित्रं कधीकधी जुन्या वळणाची वाटतात, पण किंमत आजही सामान्य माणसाच्या आवाक्यातली आहे. मूल आठ-नऊ वर्षांचं झालं असेल तर ट्रस्टनेच काढलेलं ‘तोत्तोचान’ घ्या. तेत्सुको कुरोयानागी यांच्या या पुस्तकाचा मराठी अनुवाद चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी केला आहे. हे चित्रपुस्तक नाही; चिहिरो इवासाकींची चित्रं अधूनमधून येतात. पण पोलिओ झालेल्या यासुआकीला तोत्तोचान शिडी लावून, ढकलत-ओढत झाडावर चढवते, तो प्रसंग मोठ्याने वाचून दाखवावा असाच आहे. दोघंही घामाघूम होतात, आणि यासुआकी आयुष्यात पहिल्यांदा झाडावरून जग बघतो. मैत्रिणीला त्याची कीव येत नाही, तिला त्याच्याबरोबर झाडावर बसायचं असतं.

दीडशे ते तीनशे रुपये

मला विचाराल तर पैशाचं सर्वांत जास्त मोल इथे मिळतं. चेन्नईचं तुलिका १९९६ पासून इंग्रजीबरोबर आठ भारतीय भाषांत चित्रपुस्तकं काढतं, त्यात मराठीही आहे. ‘कॅच दॅट कॅट’मधली डिप डिप चाकाच्या खुर्चीत बसते, पण गोष्ट खुर्चीची नाही, मैत्रिणीचं मांजर हरवलंय आणि ते शोधायचंय. खुर्ची चित्रात दिसते, बाकी सगळा मामला मांजराचा. ‘अ वॉक विथ थांबी’मधला मुलगा कुत्र्याला घेऊन फिरायला निघतो. त्याला दिसत नाही हे लेखिकेने सांगत बसायची गरजच पडत नाही, पांढरी काठी चित्रात आहे. लहान मुलं ही काठी मोठ्यांच्या आधी हेरतात. त्यांनी विचारलं तर दोन वाक्यांत उत्तर द्या आणि गोष्ट पुढे न्या. ‘विंग्ज टू फ्लाय’ हे पॅरा-खेळाडू मालती होल्ला यांच्यावरचं पुस्तकही याच प्रकाशनाचं.

प्रत्येक पुस्तक प्रत्येक भाषेत असतंच असं नाही. म्हणून मागणी नोंदवताना भाषा डोळ्यांत तेल घालून तपासा. इंग्रजी प्रत हाती पडली तरी बिघडत नाही, आईबाबा मराठीत सांगू शकतात. पण मुलाला स्वतः वाचायचं असेल तर लिपी महत्त्वाची. परदेशात वाढणाऱ्या मुलांसाठी एकाच पानावर दोन भाषा असलेल्या द्विभाषिक आवृत्त्या शोधाव्यात.

आपल्याकडे ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली माधुरी पुरंदरे यांची ‘यश’ आणि ‘राधाचं घर’ या मालिकांतली पुस्तकं याच यादीत ठेवायला हवीत. त्यांत अपंगत्वाचा विषय नाही. पण आपल्या घरातली आजी, आपल्या चाळीतला जिना, आपल्यासारखी दिसणारी पोरं चित्रात बघणं हासुद्धा वारशाचाच भाग आहे, आणि ते कुठल्याही सणाच्या पुस्तकापेक्षा खोल रुजतं. पहिला बिग लिटल बुक पुरस्कार २०१६ मध्ये पुरंदरे यांना मिळाला, तो मराठी बालसाहित्यासाठी.

परदेशी पुस्तकं: पाचशे ते अठराशे

अमेरिकेत अशा हार्डकव्हर पुस्तकावर अठरा ते वीस डॉलर किंमत असते, म्हणजे दीड हजार ते अठराशे रुपये. पेपरबॅक निघालं असेल तर ते सहसा निम्म्याच्या आसपास पडतं. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, मुलांच्या चित्रपुस्तकांवर आणि रंगवायच्या पुस्तकांवरही नाही. बिलात लावलेला दिसला तर विचारा. आयात पुस्तकांवर २०१९ च्या अर्थसंकल्पाने पाच टक्के सीमाशुल्क लावलं, ते दुकानातल्या किमतीत आलेलंच असतं. एकेक पुस्तक परदेशातून थेट मागवू नका, पाठवणावळच पुस्तकाला भारी पडते. येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेत एक-दोन पुस्तकं सहज बसतात.

यातलं एकच घ्यायचं तर कोणतं? जोआना हो यांचं ‘आइज दॅट किस इन द कॉर्नर्स’ (२०२१) प्रसिद्ध आहे आणि ती प्रसिद्धी रास्त आहे. आपले डोळे मैत्रिणींसारखे नाहीत, आई, आजी आणि धाकट्या बहिणीसारखे आहेत, हे एका मुलीला कळतं, एवढीच गोष्ट. ईशान्येकडच्या मुलांना आपल्या शहरांत डोळ्यांवरून चिडवलं जातं, हे आपण जाणतो. पुण्या-मुंबईच्या शाळांच्या ग्रंथालयात हे पुस्तक त्यासाठीच असावं.

घरी मात्र मी ‘लक्ष्मीज मूच’ आधी आणेन. शेली आनंद यांच्या या पुस्तकातल्या लक्ष्मीच्या ओठांवर बारीक लव आहे आणि शाळेत खेळताना एक मुलगी म्हणते की तू मांजर हो, तुला मिशा आहेत. तिथून लक्ष्मीला अंगावरची लव जिथेतिथे दिसू लागते. आपल्याकडे मुलगी सहावी-सातवीत गेली की थ्रेडिंगच्या गोष्टी सुरू होतात. ‘सावळी असली तरी नाकीडोळी नीटस’ हे तर पाळण्यातल्या मुलीलाही ऐकवलं जातं. या पुस्तकात आई लेकीला जवळ घेऊन तिच्याशी बोलते, आणि ते बोलणं पालकांनीही शिकण्यासारखं आहे.

तिसरं नाव सुप्रिया केळकर यांचं. मिशिगनमध्ये वाढलेल्या या लेखिकेची पहिली कादंबरी ‘अहिंसा’ त्यांच्या पणजीच्या, नागपूरच्या स्वातंत्र्यसैनिक अनसूयाबाई काळे यांच्या, आयुष्यावरून सुचलेली आहे. केळकर यांचं ‘द मेनी कलर्स ऑफ हरप्रीत सिंग’ हे चित्रपुस्तक मनाच्या रंगाप्रमाणे पटक्याचा रंग बदलणाऱ्या शीख मुलाचं आहे. तो बर्फाळ शहरात राहायला जातो आणि कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून पांढराच पटका बांधू लागतो. शाळा बदललेल्या कोणत्याही मुलाला ते कळेल.

पैसे देण्याआधी

चित्रपुस्तक पाच मिनिटांत वाचून होतं. दुकानात उभ्याउभ्या पूर्ण वाचा. वेगळं दिसणारं मूल गोष्टीत काही करतंय, की नुसतं सहन करतंय, ते बघा. त्याने सगळ्यांचा जीव वाचवल्यावरच मित्र त्याला जवळ करत असतील, तर ते पुस्तक परत ठेवा. इतर मुलांना मैत्रीसाठी पराक्रम करावा लागत नाही. चेहरे नीट बघा. प्रत्येक माणसाचा चेहरा निराळा आहे ना?

किलोच्या भावाने जुनी पुस्तकं विकणाऱ्या प्रदर्शनांत हे जास्त सांभाळायला हवं. तिथे शंभर-दीडशेत हार्डकव्हर मिळतं, पण जुना माल मिसळलेला असतो. १९३८ च्या ‘द फाइव्ह चायनीज ब्रदर्स’मधले भाऊ पिवळे आणि एकाच साच्यातून काढल्यासारखे आहेत. डॉ. स्यूस यांची सहा पुस्तकं त्यांच्या वारसा-कंपनीने २०२१ मध्ये छापणं थांबवली, त्यात चिनी माणसाचं व्यंगचित्र असलेलं १९३७ चं पहिलं पुस्तकही होतं. अशी पुस्तकं स्वस्त मिळाली तरी तीन वर्षांच्या मुलाच्या हाती देऊ नयेत.

टपालाचंही लक्षात ठेवा. पन्नास रुपयांच्या एका पुस्तकाला साठ-सत्तर रुपये कुरिअर देणं परवडत नाही. चार-पाच घरांनी एकत्र मागवावं. टपाल खात्याची जुनी बुकपोस्ट सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, पण १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू आहे: तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोला १०० रुपये, कर वेगळा. गावाकडच्या शाळेला पुस्तकं पाठवायला ती सोयीची आहे.

पाचशे रुपये असतील तर प्रथम बुक्सची चार आणि तुलिकाचं एक घ्या. दीड हजारात तुलिका आणि ज्योत्स्नाची आणखी चार-पाच येतात, ‘तोत्तोचान’सुद्धा. परदेशी हार्डकव्हरचा विचार त्यानंतर, आणि तोही ग्रंथालयासाठी केलेला बरा, म्हणजे एक प्रत अनेक हातांत जाईल. अमेरिकेतल्या वाचकांनी गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात खरेदीची सूचना नोंदवावी. ती सोय बहुतेक ग्रंथालयांत असते आणि तिला पैसे पडत नाहीत. तिथल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा चालवणाऱ्यांनी स्टोरीवीव्हरवरच्या मराठी गोष्टी वर्गात पडद्यावर वाचाव्यात. ज्या मुलांना दिसत नाही, त्यांच्यासाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात मोफत नोंदणी करता येते.

महाराष्ट्रातल्या वाचकांना एक विनंती. तुमच्या वाचनालयात सूचना-वही असतेच. या आठवड्यात तिच्यात यातल्या दोन पुस्तकांची नावं, प्रकाशन आणि किंमत लिहा, खाली सही करा, आणि महिन्याने जाऊन विचारा.