परतीचे तिकीट कोणाला लागते, कोणाला नाही?

आपल्या बारामती-इंदापूर भागातून माल पाहायला, गिऱ्हाईक जोडायला परदेशी जाणाऱ्यांची संख्या आता थोडकी राहिलेली नाही. डाळिंब-केळीच्या व्यवहारातील बागवान बंधू दुबईच्या अल-अवीर फळबाजारात चक्कर मारून येतात. रेडिमेड कपड्याचे दुकानदार बँकॉकच्या प्रतुनाम भागात फिरतात. फॅब्रिकेशन, वायरिंग, फर्निचरची कामे करणारे कारागीरही तिकडे डोळे लावून असतात. या सर्वांना मुंबईच्या किंवा लोहगावच्या विमानतळावर पहिला प्रश्न विचारतो तो विमान कंपनीच्या काउंटरवरचा कर्मचारी. प्रश्न असा की, परतीचे तिकीट दाखवा.

पुष्कळांना याचा राग येतो. व्हिसा माझ्याजवळ आहे, पैसे मी भरलेत, मी केव्हा परत यायचे ते माझे मी पाहीन, याची कंपनीला काय पंचाईत? पंचाईत आहे आणि ती पैशाचीच आहे. १९४४ साली शिकागो येथे नागरी विमान वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या नवव्या परिशिष्टाप्रमाणे, ज्या प्रवाशाला उतरल्या ठिकाणी प्रवेश नाकारला जातो त्याला माघारी नेण्याची जबाबदारी त्याला आणणाऱ्या विमान कंपनीवर येते. तो खर्च प्रवाशाकडून वसूल करायची मुभा कंपनीला आहे, पण ज्याच्या खिशात परतीचे तिकीटही नाही त्याच्याकडून वसूल काय करणार? शिवाय कागदपत्रे अपुरी असलेला प्रवासी आणला तर अनेक देश कंपनीला दंड करतात. ब्रिटनने १९८७ च्या कायद्याने माणशी एक हजार पौंड दंड ठेवला व पुढे तो दुप्पट केला. आपल्या सरकारनेही २००० साली असाच कायदा करून माणशी एक लाख रुपये दंड ठरविला होता. २०२५ साली परदेशी नागरिकांविषयी नवा कायदा आला, त्यात तो जुना कायदा विलीन झाला. म्हणजे काउंटरवरचा माणूस जी चौकशी करतो ती मालकाचा दंड वाचविण्यासाठी. त्याच्यासमोरच्या संगणकावर टिमॅटिक नावाची नियमांची यादी असते. कोणत्या देशाच्या पासपोर्टवाल्याला कोणत्या देशात जाताना काय काय लागते, ते तिच्यात लिहिलेले असते. तिथे 'परतीचे वा पुढील प्रवासाचे तिकीट आवश्यक' असे असेल तर त्याच्याशी हुज्जत घालून काहीही साधत नाही.

व्हिसा म्हणजे दारापर्यंत येण्याची परवानगी, एवढाच अर्थ घ्यावा. दार उघडायचे की नाही हे तिथला अधिकारी ठरवतो.

आता, हे तिकीट सर्वांनाच लागत नाही, आणि इथेच गोंधळ होतो. ज्याच्याकडे त्या देशाचा रहिवासी परवाना आहे, म्हणजे आपण ज्याला इकामा म्हणतो तो आहे, त्याचे बिऱ्हाड तिकडे आहे असे धरले जाते. तो सुट्टी संपवून एकेरी तिकिटावर खुशाल जातो. नोकरीचा व्हिसा घेऊन पहिल्यांदा जाणाराही एकेरी तिकिटावर जातो. पण त्याचाच भाऊ भेटीच्या व्हिसावर निघाला, तर त्याला तोच नियम लागू नाही. 'माझा चुलतभाऊ गेल्या महिन्यात एकेरी तिकिटावर गेला, मला का अडवता?' हे वाक्य काउंटरवर नेहमी ऐकू येते. त्याचे उत्तर चुलतभावाच्या पासपोर्टात आहे.

कारागीर बंधूंनी पुढचा भाग दोनदा वाचावा. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर सहसा ईसीआर अशी नोंद असते. याचा अर्थ, नोकरीसाठी ठरावीक अठरा देशांत जायचे असल्यास सरकारच्या उत्प्रवासी संरक्षक कार्यालयाची मंजुरी हवी. या अठरांत सौदी, अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहरीन तर आहेतच, शिवाय मलेशिया, थायलंड आणि इंडोनेशियाही आहेत, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. पूर्वी अशा पासपोर्टवाल्याला नुसते फिरायला किंवा नातेवाइकांकडे जायचे असले तरी त्या कार्यालयातून सूट घ्यावी लागे. १ ऑक्टोबर २००७ पासून ती खेप बंद झाली. नोकरीखेरीज अन्य कारणासाठी जाणाऱ्याने वैध पासपोर्ट, वैध व्हिसा आणि परतीचे तिकीट दाखवावे आणि जावे, असे ठरले. सूट मिळाली ती परतीच्या तिकिटाच्या भरवशावर, हे ध्यानात घ्या. म्हणून ईसीआर पासपोर्टवाल्या कारागिराला किंवा दुकानदाराला हे तिकीट दोन ठिकाणी दाखवावे लागते. एकदा विमान कंपनीला आणि पुन्हा आपल्याच इमिग्रेशनला. पहिल्या ठिकाणाहून कसाबसा निसटलेला दुसऱ्या ठिकाणी थांबतो.

दहावी नसलेला पण आयकर भरणारा दुकानदार या नोंदीतून सुटू शकतो. आयकर भरल्याचा पुरावा देऊन पासपोर्ट नव्याने काढून घेता येतो. पन्नाशी ओलांडलेल्यांना आणि तीन वर्षे परदेशात राहून आलेल्यांनाही ही सवलत आहे. वर्षातून दोनदा माल आणायला जाणाऱ्याने हे काम एकदाच करून टाकावे.

तिकीट कोणते चालते? एकाच कंपनीचे जाऊन-येऊन तिकीट सर्वांत सोपे, कारण ते काउंटरवरच्या संगणकात दिसते. जाताना एका कंपनीचे व येताना दुसऱ्या कंपनीचे असेल तरी चालते, पण दुसरे तिकीट त्यांना दिसत नाही, म्हणून त्याचा कागद हाताशी ठेवावा. पुढच्या देशाचे तिकीटही बहुतेक ठिकाणी चालते, मात्र त्या पुढच्या देशात आपल्याला प्रवेश मिळणार असला पाहिजे. दुबईहून मस्कतला बसने जाईन, बँकॉकहून रेल्वेने मलेशियात उतरेन, असे तोंडी सांगून मात्र भागत नाही.

परतीची तारीख मुक्कामाच्या मुदतीत बसली पाहिजे. इथे एक बारीक गोष्ट आहे. आपल्याकडे येणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. तीस तारखेला मुदत संपते म्हणून तीसच्या रात्री दीडचे विमान धरले, तर ती तारीख एकतीस झाली. अमिरातीत जादा राहिलेल्या प्रत्येक दिवसाला ५० दिरहम दंड आहे. रक्कम मोठी नाही, पण नोंद राहते. दोन-तीन दिवस अलीकडची तारीख घेतलेली बरी.

आता हिशेब पाहू. समजा, निमगाव केतकीचा एक डाळिंब व्यापारी दुबईला निघाला आहे. सौदा आठ दिवसांत होईल की वीस, हे त्याला सांगता येत नाही. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. जाऊन-येऊन तिकीट २८ हजारांना मिळते. तारीख बदलली तर बदलाचे ४ हजार आणि भाड्यातील फरक ३ हजार, म्हणजे एकूण ३५ हजार. दुसरा मार्ग असा की, जाण्याचे १५ हजारांचे आणि परतीचे पूर्ण पैसे परत मिळणारे २४ हजारांचे तिकीट वेगवेगळे काढायचे. सौदा झाल्यावर महाग तिकीट रद्द करून १४ हजारांचे स्वस्त घ्यायचे. खर्च २९ हजार पडला, पण २४ हजार परत येईपर्यंत अडकून पडले. डाळिंबाच्या हंगामात २४ हजार अडकणे कोणाला परवडते, ते ज्याने त्याने पाहावे. तिसरा मार्ग एकेरी तिकिटावर नशीब आजमावण्याचा. काउंटरवर अडवले तर शेवटच्या तासाला मिळेल त्या भावाने परतीचे तिकीट घ्यावे लागते, नाही तर इंदापूरहून मुंबईपर्यंतची गाडी, १५ हजारांचे तिकीट आणि ठरलेली भेट सगळेच जाते. आमच्या मते पहिला मार्ग धंदेवाल्याला बरा. सात हजार हा सौद्याच्या मोकळीकीचा दर समजावा.

परतीचे तिकीट वापरले नाही तर सगळेच बुडते असेही नाही. भाडे परत न मिळणारे असले तरी सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क परत द्यावे, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम २०१६ पासून आहे. ते कोणी आपणहून देत नाही, मागावे लागते. उलट, जाण्याचा प्रवास चुकवून नुसता परतीचा वापरू म्हणाल तर बहुतेक कंपन्या परतीचा भाग आपोआप रद्द करतात.

'डमी तिकीट' पाचशे-हजारात काढून देणारे सर्वत्र भेटतात. त्यातील काही तिकिटे म्हणजे एक-दोन दिवसांपुरती राखून ठेवलेली जागा असते. तिचे पैसे भरलेले नसतात. काही तर संगणकावर नुसती रंगवलेली असतात. काउंटरवरचा माणूस क्रमांक टाकून पाहतो आणि क्षणात कळते. खोटा कागद दाखवल्यावर मामला तिकिटाचा राहत नाही, फसवणुकीचा होतो.

दुबईपुरते सांगायचे तर २०२४ साली तिथे तपासणी कडक झाली. त्या मे महिन्यात परतीचे तिकीट, राहण्याच्या जागेचा पुरावा आणि ३,००० दिरहम रोख वा कार्डावर असल्याचे दाखवा, असे प्रवाशांना सांगण्यात येऊ लागले. वर्षअखेरीस तर व्हिसाचा अर्ज करतानाच तिकीट व हॉटेलचे कागद मागितले जाऊ लागले. बिनव्हिसा देशांतही तिकीट सुटत नाही. थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसा माफ केला. पण व्हिसाच नसल्यामुळे तिथे परतीचे तिकीट हाच मुख्य पुरावा ठरतो. या सवलतींच्या मुदती बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी कंपनीकडे पुन्हा चौकशी करावी. उमऱ्याला जाणाऱ्यांचे तिकीट टूरवाले जाऊन-येऊनच काढतात, तिथे हा प्रश्न क्वचितच येतो.

राहिला एजंटांचा मुद्दा. 'व्हिजिटवर चल, तिकडे गेल्यावर व्हिसा बदलून देतो, परतीचे तिकीट दाखवण्यापुरते काढू आणि नंतर फाडून टाकू' असे सांगणारा माणूस तुम्हाला कायद्याच्या छत्राबाहेर नेतो. भेटीच्या व्हिसावर गेलेल्याचा नोकरीचा करार सरकारच्या ई-मायग्रेट प्रणालीत नोंदलेला नसतो. २७५ रुपयांत दोन वर्षांसाठी दहा लाखांचे संरक्षण देणारा प्रवासी भारतीय विमाही त्याला लागू होत नाही. अमिरातीने २०२४ साली परवान्याशिवाय कामाला ठेवणाऱ्या मालकाचा दंड एक लाख ते दहा लाख दिरहम इतका वाढवला. त्यामुळे मालकही तपासणी आली की हात वर करतो. नोंदणीकृत एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी घेता येतो. लाखभर मागणाऱ्याला आधी नोंदणी क्रमांक विचारावा आणि तो ई-मायग्रेटवर तपासून घ्यावा.

इराणचे उदाहरण ताजे आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत इराणने भारतीय पर्यटकांना व्हिसा माफ केला. त्याचा फायदा घेऊन नोकरीच्या आमिषाने लोकांना तिकडे नेण्यात आले, आणि उतरल्यावर खंडणीसाठी पळवून नेल्याचे प्रकार घडले. शेवटी २२ नोव्हेंबर २०२५ पासून इराणने ती सवलत थांबवली. थायलंडमार्गे म्यानमारच्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांत अडकलेल्या ५४९ भारतीयांना मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले.

निघताना पासपोर्ट, व्हिसा, दोन्ही बाजूंची तिकिटे, हॉटेलचा कागद किंवा यजमानाचा पत्ता व फोन, आणि धंद्याचे एखादे कार्ड किंवा पावती, एवढे कागदावर छापून हातातल्या बॅगेत ठेवावे. मोबाईलमध्ये आहे म्हणणाऱ्याचा चार्ज नेमका काउंटरवरच संपतो. सामानात टाकलेला कागद सामानाबरोबर जातो.