चौरस किलोमीटरला ७४ माणसे

पदार्थविज्ञानात वस्तुमानाला आकारमानाने भागले की घनता मिळते. भूगोलात लोकसंख्येला क्षेत्रफळाने भागतात आणि त्यालाही घनताच म्हणतात. फरक एवढाच, की लोखंडाचा तुकडा कोठूनही कापून घेतला तरी त्याची घनता तीच भरते. जिल्ह्याचे तसे नसते.

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचा गडचिरोली जिल्हा घ्या. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १०,७२,९४२ भरली. क्षेत्रफळ आहे १४,४१२ चौ. कि. मी. भागाकार करा, घनता ७४ येईल. त्याच जनगणनेत चंद्रपूरची घनता १९३ होती, तर सबंध महाराष्ट्राची ३६५. आता समजा, विभाजन झालेच नसते. दोन्ही जिल्ह्यांची बेरीज करून भागले तर उत्तर येते १२७. हा आकडा चंद्रपूरकडच्या कोळसाखाणींच्या गावांनाही लागू नाही आणि गडचिरोलीच्या रानालाही नाही!

पण ७४ हीदेखील सरासरीच आहे. जिल्ह्याच्या पश्चिम कडेने वैनगंगा वाहते. तिच्या काठी वडसा, आरमोरी, चामोर्शी हा धानाचा पट्टा आहे. वस्ती तेथे दाट. पूर्वेकडे एटापल्ली, भामरागड या बाजूला डोंगर आणि जंगल. जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे. त्यात माडिया गोंडांची लहान लहान गावे विखुरलेली आहेत. कझाकस्तानात घनता अवघी ७ च्या आसपास आहे, पण तेथे मोठा मुलूख कोरडा आहे. येथे पाणी उदंड आहे, आणि पावसाळ्यात तेच वाट अडवते.

विरळ वस्तीमुळे काय होते ते गणितानेच पाहू. सरकारी निकषानुसार आरोग्य उपकेंद्र सपाट प्रदेशात ५,००० आणि आदिवासी व डोंगरी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक असावे. म्हणजे सवलत दिलेली आहे. आता उपकेंद्र मध्यभागी ठेवून तेवढी माणसे मावतील असे वर्तुळ काढा. घनता ३६५ असेल, तर ५,००० माणसांना सुमारे १४ चौ. कि. मी. जागा लागेल, आणि वर्तुळाची त्रिज्या २.१ कि. मी. होईल. घनता ७४ धरली, तर ३,००० माणसांसाठी त्रिज्या ३.६ कि. मी. आणि दाट जंगलातल्या एखाद्या भागात घनता २० धरली, तर ६.९ कि. मी. सवलत देऊनही अंतर तिपटीहून जास्त! घनता चौपटीने घटली की अंतर दुप्पट होते, कारण वर्तुळाचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

शिवाय हे अंतर सरळ रेषेतले. तापाने फणफणलेल्या मुलाला खांद्यावर घेऊन निघालेला बाप सरळ रेषेत थोडाच जाणार? त्याला नाले चुकवावे लागतात, डोंगराला वळसा घालावा लागतो. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम आहे. जुलै २०२४ मध्ये पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेले आणि भामरागडचा संपर्क तुटला. अशा दिवशी पलीकडचे उपकेंद्र अर्ध्या कि. मी. वर असले काय आणि सात कि. मी. वर असले काय, सारखेच.

जनगणनेच्या पुस्तिकेतून तुमच्या तालुक्याची लोकसंख्या व क्षेत्रफळ मिळवा आणि ५,००० माणसांच्या वर्तुळाची त्रिज्या काढा. मग नकाशावर जवळच्या उपकेंद्राभोवती कंपासने ते वर्तुळ आखा. त्यात एखादी नदी येत असेल तर तिच्यावर पूल कोठे आहे, तेही शोधा.