'फेरी' : अर्थ, व्युत्पत्ती आणि उपयोजन

उच्चारसाम्य म्हणजे शब्दांचे नाते नव्हे, हे व्युत्पत्तिविचाराचे पहिले सूत्र आहे. प्रस्तुत घटकात आपण ते इंग्रजी 'फेरी' या क्रियापदाच्या आधारे अभ्यासणार आहोत.

अर्थ : इंग्रजी 'फेरी' म्हणजे माणसे वा माल पाण्यावरून पलीकडे नेणे. मराठी 'फेरी' मात्र 'फिरणे', 'फेर', 'फेरा' यांच्या कुळातील आहे. निघालेल्या ठिकाणी परत येणे, हा तिचा गाभा होय. प्रभातफेरी, फेरीवाला ही उदाहरणे पाहा.

व्युत्पत्ती : इंग्रजी क्रियापदाचे मूळ जुन्या इंग्रजीतील 'फेरियन' (वाहून नेणे) या रूपात आहे. 'फेअर' (प्रवास करणे; पुढे प्रवासभाडे) आणि 'फोर्ड' (नदीचा उतार) हे त्याचे सगोत्र शब्द. 'फेअरवेल' या निरोपशब्दाचा मूळ अर्थ 'सुखाने प्रवास कर' असा आहे. जर्मानिक भाषांमध्ये मूळ 'प'चा 'फ' झाला. याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये मांडलेल्या ध्वनिनियमांत हे परिवर्तन येते. संस्कृत 'पितृ' व इंग्रजी 'फादर', 'पाद' व 'फूट' या जोड्या त्याची साक्ष देतात. याच न्यायाने 'फेरी'चा आपल्याकडील खरा सोयरा 'पार' हा शब्द ठरतो. समान ध्वनीची मराठी 'फेरी' परकी निघते आणि वेगळा भासणारा 'पार' आप्त निघतो.

उपयोजन : १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे पूर्ण होण्यापूर्वी माहीम आणि वांद्रे यांमधील खाडी नावेने ओलांडावी लागे. ही इंग्रजी अर्थाची 'फेरी'. तिच्यासाठी मराठीत 'तर' हा जुना शब्द आहे. तो, तसेच 'तरणे', 'उतरणे' आणि 'उतारू' हे शब्द संस्कृत 'तॄ' धातूपासून आले. मुंबईच्या भाऊच्या धक्क्याचे इंग्रजी नाव 'फेरी व्हार्फ' असले, तरी तेथील प्रवासी सहसा 'लाँच'ने जातो.

याच माहीमच्या उपसागराच्या दक्षिण टोकाशी वरळी कोळीवाडा आहे. येथील नौका समुद्रात जाते आणि आपल्याच बंदरात परतते. तिची ती मराठी 'फेरी' होय. किनारी रस्त्याच्या पुलाच्या वादात हा भेद महत्त्वाचा ठरला. नौकांच्या वाटेवरील दोन खांबांमधील अंतर मूळ आराखड्यात ६० मीटर होते. मच्छीमारांनी १६० मीटरची मागणी केली. २०२२ च्या अखेरीस १२० मीटरचा निर्णय झाला. 'नौका पुलाखालून पार होतील' एवढेच लिहिल्यास एकदा बाहेर पडण्याचा बोध होतो. वारा आणि लाटा अंगावर घेत, माल भरून त्याच फटीतून परत यायचे असते, ही मच्छीमारांची खरी चिंता त्या वाक्यात उतरत नाही. 'नौकांची ये-जा सुरक्षित राहील' असे लिहिल्यास जबाबदारी दोन्ही दिशांची होते.

भाषांतर करताना म्हणूनच संदर्भ पाहावा. पूरग्रस्तांबाबत हे क्रियापद आल्यास 'होडीने सुरक्षित स्थळी पोहोचवले' असे लिहावे. 'फेरी केली' असे लिहू नये. नियमित सेवेसाठी 'ने-आण करणे' योग्य. 'बोटीच्या दिवसाला दहा फेऱ्या' यातील शब्द मात्र अस्सल मराठी आहे.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. 'पार' आणि इंग्रजी 'फेरी' यांचे नाते ध्वनिपरिवर्तनाच्या आधारे स्पष्ट करा.
२. आपल्या परिसरातील जलवाहतुकीचे पाच शब्द नोंदवा. त्यांपैकी 'पलीकडे जाणे' आणि 'परत येणे' या अर्थांचे शब्द वेगळे करा.