मोतीबिंदू की काचबिंदू?

शिरूर तालुक्यातील न्हावरे आणि आसपासच्या गावांत उसाची शेती आहे. उसाच्या पात्याची कड करवतीसारखी असते. ती डोळ्याला लागली, की आपण 'बुबुळाला लागले' असे म्हणतो. परंतु बुबुळाच्या पुढे एक पारदर्शक पडदा असतो आणि जखम बहुधा त्याला होते. हा पडदा म्हणजे पारपटल. डोळ्यांच्या बाबतीत शब्द नेमका असणे किती महत्त्वाचे आहे, ते आज पाहू.

प्रकाश ज्या वाटेने जातो, त्याच वाटेने आपण आत जाऊ या. प्रथम लागते पारपटल. डोळ्याची प्रकाश वळवण्याची एकूण शक्ती सुमारे ६० डायॉप्टर असते. त्यांतील सुमारे ४३ डायॉप्टर एकट्या पारपटलाचे! विहिरीत बुडी मारून डोळे उघडले, तर सारे अंधुक का दिसते? पाण्याचा अपवर्तनांक १.३३, तर पारपटलाचा सुमारे १.३८. दोन्ही जवळजवळ सारखे असल्यामुळे किरण तेथे फारसे वळतच नाहीत.

पारपटलामागे रंगीत बुबुळ असते. त्याच्या मधले छिद्र म्हणजे बाहुली. समोरच्याच्या डोळ्यात आपली इवलीशी प्रतिमा दिसते, म्हणून हे नाव. गंमत अशी, की लॅटिनमधील 'प्यूपिला' या शब्दाचा अर्थही छोटी बाहुलीच! बाहुलीमागे भिंग, सर्वांत मागे दृष्टिपटल आणि तेथून मेंदूकडे संदेश नेणारी दृष्टिचेता.

आता रोगांची नावे पाहू. भिंग गढूळ झाले, की त्याला मोतीबिंदू म्हणतात. शस्त्रक्रियेने ते भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात. असे भिंग प्रथम हॅरॉल्ड रिडली यांनी लंडनमध्ये १९४९ साली बसवले. दृष्टिपटल आणि दृष्टिचेता निरोगी असतील, तर दृष्टी परत येते.

काचबिंदूचे नाव सारखे, पण रोग अगदी वेगळा. यात बहुधा डोळ्यातील द्रवाचा दाब वाढतो आणि दृष्टिचेता हळूहळू निकामी होते. गेलेली दृष्टी परत येत नाही. औषधाने किंवा शस्त्रक्रियेने राहिलेली तेवढी सांभाळता येते. म्हणून 'बिंदू पिकू द्या, मग बघू' हा सल्ला येथे घातक ठरतो.

तिसरा शब्द 'फूल'. पारपटलावरील जखम भरताना पांढरा, अपारदर्शक व्रण राहतो, तेच हे फूल. उसाच्या पात्याने झालेल्या जखमेत बुरशी शिरली, तर असे घडू शकते. अशा वेळी डोळा चोळू नये. तूप, दूध किंवा घरातले जुने थेंब घालू नयेत. काही थेंबांत स्टेरॉइड असते आणि त्याने बुरशी अधिकच फोफावते. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

फूल फार दाट असेल, तर दुसऱ्याचे पारपटल बसवता येते. एडुआर्ड झिर्म यांनी १९०५ साली हे प्रथम यशस्वी केले. नेत्रदानात मिळालेल्या डोळ्याचे पारपटलच रोपणासाठी वापरतात, संपूर्ण डोळा बसवून दृष्टी परत आणता येत नाही.

घरी आजी-आजोबांना 'बिंदू' झाला आहे असे कोणी म्हणाले, तर लगेच विचारा : कोणता? मोती की काच? डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील शब्द वाचून खात्री करून घ्या. एका शब्दाच्या फरकावर डोळा अवलंबून असतो.