आधी गावी जायचं भाडं

कर्ज फिटेपर्यंत शिल्लक टाकायची नाही, हा तू मांडलेला हिशेब कागदावर बरोबर आहे. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, बचत खात्याचं वर्षाला जेमतेम अडीच. मग शिल्लक कशाला, सगळं कार्डातच भरू, असं तुझं म्हणणं. पण कागदाला आईवडील नसतात. तुझे आहेत, विट्याजवळ, आणि तू इथे जयपुरात तिलक नगरात. रात्री फोन आला तर तुम्ही दोघं निघणार कशावर? परत कार्डावरच ना! म्हणजे सहा महिने पोटाला चिमटा घेऊन जे फेडलं, ते एका फोनने पुन्हा अंगावर.

म्हणून तुझ्या आजोबांचा नेम सांगते. परमुलखात राहणाऱ्याने आधी गावी जायचं भाडं बाजूला काढायचं, मग देणी, मग हौस. खानापूर-आटपाडीचा दुष्काळी भाग सोडून गलाईसाठी, म्हणजे सोनंचांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यासाठी, जी माणसं देशभर पांगली, त्यांच्यातलेच ते. जोहरी बाजारालगतच्या गल्लीत भट्टी, ॲसिडचा उग्र वास, आणि गल्ल्यात एका कोपऱ्यात फडक्यात बांधलेली पुरचुंडी. व्यापाऱ्याचं देणं थकलं तरी त्या पुरचुंडीला हात लागत नसे. घरी आलेल्या सुनेला, म्हणजे मला, त्यांनी स्वयंपाकाआधी ती कुठे असते ते दाखवलं होतं.

आता भाडं म्हणजे काय, ते नीट मांड. पुण्याची सुपरफास्ट इथून रोज नसते. तत्काळचं आरक्षण आदल्या दिवशी उघडतं, एसीचं सकाळी 10 वाजता आणि स्लीपरचं 11 वाजता. दुखण्याखुपण्याचा फोन हे वेळापत्रक बघून येत नाही. तेव्हा ऐनवेळची तिकिटं दोघांची, पुढचं एसटी-जीपचं भाडं आणि दवाखान्यात दाखल करताना टेकवायची अनामत, एवढं धर. तुझ्यासाठी मी 20,000 चा आकडा काढलाय. तीन महिन्यांचा खर्च, सहा महिन्यांचा खर्च असं जे सगळे सांगतात ते खोटं नाही, पण मानेवर कर्ज असताना तो डोंगर बघूनच माणूस खाली बसतो. आधी 20,000. बाकीचं नंतर बघू.

तुझं कार्डाचं बिल मी चष्मा लावून वाचलं. थकबाकी 60,000. साडेतीन टक्क्यांनी महिन्याचं व्याज 2,100, त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 378. एकूण 2,478. आणि तू ‘किमान देय रक्कम’ म्हणून भरतोस 3,000. म्हणजे मुद्दल कमी झालं 522 रुपयांनी! शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. सीतापुऱ्याहून कामावरून येताना तू राजा पार्कात जे खातोस त्याचंही व्याज त्याच दिवसापासून सुरू. किमान देय हा शब्द ज्याने काढला तो हुशार खरा.

इथे गलाईवाल्याच्या घरातलं एक शहाणपण कामाला येतं. सोनं मिरवायला असतं तसं अडवायलाही असतं. सूनबाईला विचार, तिची खुशी असेल तरच, आणि एखादी पाटली सरकारी बँकेत तारण ठेव. साधारण 10 टक्के व्याज धरलं तर 60,000 वर पहिल्या महिन्याचं व्याज होतं 500. कुठे 2,478 आणि कुठे 500! त्या पैशाने कार्ड एका दमात मोकळं कर. मात्र वर्षाअखेरीस एकरकमी फेडायचं तारणकर्ज घेऊ नकोस, मासिक हप्त्याचं घे. एकरकमीत माणूस अकरा महिने निवांत झोपतो आणि बाराव्यात लिलावाची नोटीस वाचतो. आणि कार्ड माझ्याकडे आणून दे. हसू नकोस, तुझ्या काकांचंही माझ्याकडेच असायचं.

तुझ्या पगारातून खर्च आणि ठरलेले हप्ते जाऊन 8,000 उरतात म्हणालास. पहिले चार महिने 5,000 शिलकीत आणि 3,000 तारणकर्जात. चार महिन्यांत भाड्याचे 20,000 उभे राहतात. मग पारडं फिरव, 7,000 कर्जात आणि 1,000 शिलकीत. बाराव्या महिन्यात पाटली घरी येते आणि शिलकीत 27,000 च्या वर असतात. सगळे 8,000 पहिल्यापासून कर्जातच भरलेस तर ते तीन-चार महिने आधी फिटेल, व्याजाचे थोडे पैसेही वाचतील, हे खरं. ते थोडे पैसे मी खुशाल जाऊ देईन.

लग्नासाठी घेतलेलं वैयक्तिक कर्ज तसंच चालू दे. त्याचा दर ठरलेला आहे आणि मुदतीआधी फेडलं तर बहुतेक ठिकाणी दंड लागतो. करारात ते कलम बघ. त्याचा हप्ता मात्र चुकवायचा नाही. हप्ता परत गेला की कर्ज देणाऱ्याचा दंड वेगळा, बँकेचा वेगळा, आणि सिबिलवर डाग.

मामांचे हातउसने 40,000 बिनव्याजी आहेत, म्हणून तू ते शेवटी टाकलेत. हिशेबाला ठीक, नात्याला नाही. त्यांना घरखर्चातून काढून महिन्याला 500 का होईना पाठव, एकाच तारखेला, आणि बाकीचे कधी देणार ते फोन करून सांग. पैसे थकल्याचा राग माणूस गिळतो, पण फोन न उचलल्याचा राग बारशापासून तेराव्यापर्यंत निघत राहतो.

शिल्लक ठेवायची कुठे, यावर आपल्या लोकांत फार घोळ होतात. गावाकडच्या पतसंस्थेत दोन टक्के जास्त मिळतात म्हणून तुझे बाबा तिकडेच टाक म्हणतील. त्यांना सांग, पतसंस्थेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण नसतं. बँकेतल्या ठेवीला फेब्रुवारी 2020 पासून 5 लाखांपर्यंत आहे. पण विमा असला तरी पैसा त्या रात्री हाताशी लागतो की नाही, हा प्रश्न वेगळाच. मुंबईच्या पीएमसी बँकेवर सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला 1,000 रुपयेच काढता येत होते. म्हणून ही शिल्लक मोठ्या सरकारी बँकेत, पगाराच्या खात्यापासून वेगळ्या खात्यात. त्या खात्याला यूपीआय जोडू नकोस. 10,000 साधे राहू दे आणि वरच्यांची त्या खात्याला जोडलेली मुदत ठेव कर. स्टेट बँकेत तिला मल्टी ऑप्शन डिपॉझिट म्हणतात, लागतील तेवढेच हजार मोडतात आणि बाकीच्यांचं व्याज चालू राहतं. खातं दोघांच्या नावे, दोघांपैकी कुणालाही काढता येईल असं.

त्यातले तीन-चार हजार रोख घरात. आमच्या वेळचं खूळ नाही हे. 26 सप्टेंबर 2021 ला रीटची, म्हणजे शिक्षक पात्रतेची परीक्षा होती, कॉपी होऊ नये म्हणून इथलं मोबाइल इंटरनेट बंद ठेवलं होतं. अशा दिवशी रिक्षावाल्याला काय दाखवणार, क्यूआर कोड? पण त्याहून जास्त रोख नको. नोव्हेंबर 2016 च्या नोटबंदीत डाळीच्या डब्यातून कुणाकुणाच्या नोटा निघाल्या, ते या गल्लीने बघितलंय.

भिशीचं सांगते. इथे तिला बीसी म्हणतात, आपले लोकही लावतात, आणि माझाही नंबर लागलेला आहे. भांडीकुंडी, फ्रिज यांना ती उत्तम. पण आजारपण तुझ्या नंबराची वाट बघत नाही, आणि बोलीची भिशी घाईने उचलली तर बरीच रक्कम सोडावी लागते. शिल्लक म्हणून भिशी धरू नकोस.

आणि दवाखान्याचा भार एकट्या शिलकीवर टाकू नकोस. राजस्थान सरकारची योजना मे 2021 मध्ये चिरंजीवी नावाने सुरू झाली, आता तिला मा योजना म्हणतात. जनआधार काढलंस आणि पात्र ठरलात तर वर्षाचे 850 रुपये भरून कुटुंबाला त्यात येता येतं. महाराष्ट्राचं रेशनकार्ड सोडवत नाही म्हणून इथली कागदपत्रं न काढणारे आपले कितीतरी लोक आहेत. तुझ्या कंपनीचा विमा असेल तर त्यात सूनबाईचं नाव आहे का, तेही बघ.

दुकान चालवणाऱ्या तुझ्या भावाला हे 20,000 पुरणार नाहीत, त्याला सांगू नकोस की काकूने एवढेच सांगितले. गलाईचं उत्पन्न महिनेवार नसतं. पितृपक्षात आणि डिसेंबर-जानेवारीतल्या मळमासात मोडीचं सोनं कुणी आणत नाही. त्याने वर्षातला सगळ्यात वाईट महिना धरून घरखर्च बसवायचा आणि निदान चार महिन्यांचं दुकानभाडं बाजूला ठेवायचं. 2020 च्या टाळेबंदीत हप्त्यांना ऑगस्टअखेरपर्यंत सवलत होती, पण व्याज थांबलं नव्हतं. ज्यांच्या गाठीला चार महिन्यांचं होतं त्यांना ती सवलत घ्यावीच लागली नाही.

आता हात कधी लावायचा. गावाकडचा फोन, दवाखाना, नोकरी जाणं, घरमालकाने खोली सोडायला सांगणं. बस. भाच्याचं बारसं यात नाही. ते नऊ महिने आधी कळतं. सेलही नाही. आणि वापरले तर लाजू नकोस, त्यासाठीच आहेत. फक्त त्या महिन्यापासून कर्जात जादा भरणं थांबवायचं, ठरलेला हप्ता तेवढा द्यायचा, आणि 20,000 पुन्हा पुरे झाले की मगच जादा भरायला लागायचं.

खातं उघडायला शनिवारी जाऊ. दुसरा-चौथा सोडून बघ, बँक बंद असते. दोघांचं आधार, पॅन, फोटो आणि भाडेकरार घेऊन या, आणि सूनबाईला सांग, नाश्ता इथेच.